शनिवारचं पान

आयटीआयच्या स्टाफरूममधला नोटीस बोर्ड कायम मागण्यांनी भरलेला असतो. प्रवेशाची आकडेवारी आजच पाठवा, उपस्थिती पोर्टलवर चढवा, कच्च्या मालाची मागणी तीन प्रतींत द्या, परीक्षा शुल्क न भरलेल्यांची यादी दुपारपर्यंत हवी. बहुतेक कागदांवर 'तातडीचे' असा शेरा. काय राहिलं ते त्या बोर्डावर रोज वाचायला मिळतं. काय झालं ते कळायची सोय नव्हती. म्हणून त्याच बोर्डाच्या उजव्या अंगाला गेली काही वर्षं दर शनिवारी हातानं लिहिलेलं एक पान लागतं. लिहिते मी, पण मजकूर सगळ्या संस्थेचा असतो.

माझं गाव युसूफ वडगाव, केज तालुक्यातलं. पोलीस ठाण्यामुळे आसपासच्या खेड्यांतल्या लोकांचं येणं-जाणं असलेलं. घरून रोज स्कूटीनं संस्थेत जाते. मी चित्रकला निदेशक आहे, म्हणजे यंत्राचा एखादा भाग समोरून, वरून आणि बाजूनं कसा दिसतो ते मापात काढायला शिकवते. शिवणकाम आणि कोपा, म्हणजे संगणकाचा ट्रेड, सोडले तर बहुतेक ट्रेडची मुलं कधी ना कधी माझ्या वर्गात येऊन बसतात. पान माझ्याकडे आलं ते त्यामुळेच. फिटरच्या वर्कशॉपमध्ये काय चाललंय, वायरमनच्या मुलांना काय जड जातंय, डिझेल मेकॅनिकच्या सरांनी भंगारातून कोणतं इंजिन मिळवलं, हे मुलांच्या बोलण्यातून मला आपोआप कळत असतं. बाकी निदेशकांचं तसं नाही. प्रत्येकाचं शेड वेगळं. वेल्डिंगकडे ठिणग्या आणि धूर, फिटरकडे दिवसभर घासण्याचा आवाज. आपल्या वीस मुलांवरून नजर हटवता येत नाही, कारण हलगर्जी झाली तर बोट जातं किंवा डोळा जातो. सकाळी हजेरीला आणि संध्याकाळी निघताना काय ती गाठ पडते.

वेल्डरचे सर आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ. चहा पिता पिता ते एकदा म्हणाले, "मॅडम, माझ्या भिंतीपलीकडं फिटरचं शेड हाय. तिथं काय शिकवतेत ते मला आजवर पोरांकडूनच कळलं." तक्रारीचा सूर नव्हता, पण मला ते लागलं. वर्षानुवर्षं एका आवारात राबणारी माणसं एकमेकांच्या कामाला अनोळखी, ही गोष्ट बरी नाही असं वाटलं. प्राचार्यांकडे गेले. त्यांनी हो म्हणताना एवढंच बजावलं की बदल्यांच्या अफवा त्यात येऊ द्यायच्या नाहीत. ती अट मलाही हवीच होती.

पान साधं असतं. ड्रॉइंग शीटचा अर्धा तुकडा, काळं पेन, वर तारीख. शनिवारी शेवटच्या तासाला सगळीकडे मशीनची साफसफाई चालते, तेव्हा मी ते लावते. त्यात आठवड्यातली कामं येतात, पुढच्या आठवड्याच्या तारखा येतात, कुणाला मुलगी झाली, कुणाचे वडील गेले, कुणाच्या घरी लग्न आहे हेही येतं. माजी विद्यार्थ्यांचे निरोप येतात. हे सगळं ठरवून मांडलेलं नाही, जमत गेलं तसं जमत गेलं. एक नियम मात्र पहिल्यापासून आहे. जे काम जाऊन पाहिलं, त्याबद्दलच लिहायचं. ऐकीव कौतुक पानावर येत नाही.

या नियमामागं माझा एक ठाम विचार आहे. कौतुकाची आपल्याकडे तशी वाण नाही. पाच सप्टेंबरला शाल-श्रीफळ मिळतं, वार्षिक समारंभात 'सर्व कर्मचारी अतिशय मेहनत घेत आहेत' असं प्रमुख पाहुणे म्हणतात, ग्रुपवर फुलांची चित्रं येतात. त्यामागची भावना खरी असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण 'सर्व कर्मचारी' म्हटलं की त्यातल्या कुणालाच आपल्याबद्दल काही बोललं गेलं असं वाटत नाही. माणसाला उभारी येते ती आपलं नेमकं काम कुणाच्या तरी नेमकं लक्षात आलं म्हणजे. ही गोष्ट मला फिटरच्या शेडमध्ये पटली.

फिटरच्या पहिल्या वर्षाची सुरुवात फाइलिंगनं होते. लोखंडी पट्टीचा तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा आणि फाइलनं घासून त्याचा पृष्ठभाग सपाट करायचा. ऐकायला सोपं, पण नवख्या हातात फाइल डोलते. पुढे रेटताना टोक खाली जातं, मागे घेताना मूठ खाली येते, आणि तुकडा मधे उंच आणि कडेला उतरता होतो. मग गुण्या लावून तो खिडकीकडे धरायचा. पात्याखालून उजेड दिसला की काम चुकलं. पहिल्या पंधरवड्यात मुलांच्या तळहाताला फोड येतात, उजेड काही जात नाही, आणि याच दिवसांत मुलं संस्था सोडायची भाषा करतात. मी गेले तेव्हा आमचे फिटरचे सर एका मुलाच्या शेजारी उभे होते. त्यांनी तुकड्यावर आधी खडू फिरवला होता. फाइलचे चार-पाच हात मारल्यावर खडू जिथं पुसला गेला तिथं उंचवटा, जिथं राहिला तिथं खळगा, हे त्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होतं. मग सरांनी आपली दोन बोटं फाइलच्या टोकावर नुसती ठेवली. दाब द्यायचा नाही, ओढायचं नाही. टोक खाली जायला लागलं की बोटांना कळायचं आणि बोटं हलली की मुलाला कळायचं. सर तोंडानं काहीही बोलत नव्हते. थोड्या वेळानं त्यांनी बोटं काढून घेतली. मुलगा तसाच घासत राहिला.

त्या शनिवारी पानावर मी एवढंच लिहिलं. खडू, दोन बोटं आणि न बोलणं. 'उत्तम', 'आदर्श' असा एकही शब्द घातला नाही. सोमवारी वायरमनचे सर फिटरच्या शेडमध्ये जाऊन उभे राहिलेले मी पाहिले. फिटरचे सर माझ्याशी त्या पानाबद्दल कधीच बोलले नाहीत. मात्र त्याच आठवड्यात जाता जाता म्हणाले, "मॅडम, वेळ भेटला तर उद्या इकडं एक चक्कर मारा. ड्रिल बिटला धार लावायचं चाललंय." मला त्यातच सगळं कळलं.

व्यवसाय शिकवणाऱ्या माणसाला साक्षीदार कमी असतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही. शाळेतल्या मास्तरांचे दहावीचे निकाल गावात फलकावर लागतात. आमच्याकडे मुलानं आठवडाभर घासलेला तुकडा शेवटी भंगारात जातो. जोडलेलं वायरिंग बोर्डावरून उतरवून पुढच्या मुलाला नव्यानं जोडायला देतात. वेल्डिंगचा जॉब तर जोड आतून धड झालाय का ते पाहायला मुद्दाम तोडून बघतात. शिकवलेलं सगळं मुलाच्या हातात उरतं आणि तो मुलगा वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. त्यात ही सगळी व्यवस्थाच वरून आखलेली. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० ची, शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. महाराष्ट्रात व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय १९८४ मध्ये वेगळं झालं. अभ्यासक्रम देशभर एकच, परीक्षा एकच. देशातल्या कुठल्याही टोकाच्या मुलाच्या हातात एकाच मापाचं कसब असावं, यासाठी ते आवश्यकही आहे. पण त्या मोठ्या रचनेत बीड जिल्ह्यातल्या एका शेडमधल्या निदेशकानं खडूची युक्ती वापरून एक मूल टिकवलं, याची नोंद कुठल्याच रकान्यात बसत नाही. पानाची गरज तिथं आहे.

आमच्याकडे दसरा झाला की आवाराचा रंग बदलतो. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता धरून कारखान्याकडे जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. बीडमध्ये राहणाऱ्याला हे नव्यानं सांगायला नको. आयटीआयत येणारी कितीतरी मुलं या घरांतली असतात. मुलगा आजीजवळ राहून शिकत असतो, आणि एका सोमवारी त्याचं बाक रिकामं दिसतं. परीक्षेला बसायचं तर ८० टक्के उपस्थिती लागते. एकदा बाक रिकामं झालं की हिशेब चुकत जातो. निदेशक गप्प होतात. आपण कुठं कमी पडलो, हा प्रश्न प्रत्येक जण स्वतःला विचारत असतो, आणि दुसऱ्यालाही तोच प्रश्न पडलाय याची कुणाला कल्पना नसते.

अशा आठवड्यात पानावर काय लिहायचं? मी ठरवलं की वाईट बातमीही तितक्याच नीटपणे लिहायची. इलेक्ट्रिशियनच्या मॅडमच्या तुकडीतला एक हुशार मुलगा नोव्हेंबरात यायचा बंद झाला. मॅडम संध्याकाळी त्याच्या वस्तीवर गेल्या. घरी आजी एकटी. तिनं सांगितलं, "सून दुखण्यानं पडली बाई. कोयत्याला दोन माणसं लागतेत. मंग पोरगंच गेलं बापासंग." मॅडमनी त्याच्या वडिलांना फोन केला, मुलाशी बोलल्या, पुस्तकाची पानं फोटो काढून पाठवत राहिल्या. मुलगा त्या वर्षी परतला नाही. पानावर मी हे सगळं लिहिलं, शेवटच्या वाक्यासकट. वाचून डिझेलचे सर मॅडमना म्हणाले, "माझे बी दोन गेलेत. मी कुणाला बोललोच नव्हतो." मग त्या दोघांनी मिळून एक काम सुरू केलं, ते आजही चालू आहे. सप्टेंबरमध्येच, टोळ्या निघायच्या आधी, कुणाचं घर तोडीला जाणार, मुलगा कुणाजवळ राहणार, घरात कुणाचं दुखणं आहे, याची यादी करायची. आई-वडील गावात असतानाच त्यांना भेटायचं. दिवाळीनंतर फोनवर विनवण्या करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. यादीमुळे सगळी मुलं टिकतात असं नाही. पण आता रिकामं बाक एकट्या निदेशकाचं राहिलेलं नाही.

तासिका तत्त्वावरचे निदेशक हा पानाचा दुसरा कसोटीचा विषय. ही तरुण मुलं-मुली नियमित निदेशकांच्या बरोबरीनं शेडमध्ये उभी राहतात आणि त्यांचं मानधन तासांवर. तेही वेळेवर हातात पडेल याचा भरवसा नसतो. ज्याला घरभाडं द्यायचंय त्याला पानावरची शाबासकी वाचून काय वाटेल, याचा मी फार विचार केला. कौतुक लिहू नये असं कधी वाटलं नाही, पण नुसतं कौतुक लिहिणं मला पटेना. मग आमच्या कार्यालयातल्या लिपिकांना विनंती केली आणि दर शनिवारी बिल कुठवर गेलं तेही पानावर यायला लागलं. बिल तयार झालं. त्रुटी निघून परत आलं. दुरुस्ती करून गेलं. निधी आला की तारखेसह. पैसे त्यानं लवकर आले नाहीत. पण दाराशी उभं राहून 'काय झालं माझ्या बिलाचं' असं रोज विचारण्यात माणसाचा जो मान जातो, तो वाचला. एका तासिका निदेशकानं मला सांगितलं की तो पानावर आधी बिलाची ओळ वाचतो आणि मग उरलेलं. मला ते अगदी योग्य वाटतं. माणसाला धीर द्यायचा असेल तर त्याला खरी माहिती आधी दिली पाहिजे.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीमुळे संस्था बंद झाली तेव्हा पान बंद पडेल असं वाटलं होतं. मी घरी, युसूफ वडगावात, ते नेहमीसारखं शीटवर लिहायचे आणि फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. टाइप करून पाठवा, वाचायला सोपं पडेल, असं कुणीतरी सुचवलं, पण बाकीच्यांनी हातानं लिहिलेलंच मागितलं. त्या एप्रिलमध्ये पश्चिम महाराष्ट्रात अडकलेल्या ऊसतोड मजुरांना गावी परतायची परवानगी मिळाली आणि आमच्या भागात टोळ्या येऊ लागल्या. आमची काही मुलं आई-बापांबरोबर शेतातच वेगळी राहत होती. त्या आठवड्यांची पानं बहुतेक ठावठिकाण्याचीच आहेत. कोण कुठं आहे, कुणाशी बोलणं झालं, कुणाच्या घरी किराणा पोचला. शिवणकामाच्या मॅडम आणि त्यांच्या मुली आपापल्या घरच्या मशीनवर मास्क शिवत होत्या. कापडाची घडी कशी घातली म्हणजे नाकाशी फट राहत नाही, ते मॅडमनी मला फोनवर समजावून सांगितलं आणि मी त्याची आकृती पानावर काढली. चित्रकला निदेशकाचा त्या वर्षी झालेला तो एक उपयोग मला मनापासून समाधान देऊन गेला.

परीक्षा संगणकावर घ्यायला सुरुवात झाली तेव्हाचीही एक नोंद सांगण्यासारखी आहे. वायरमनची मुलं मोटारीचं कनेक्शन डोळे मिटून करतील, पण त्यातल्या बऱ्याच जणांनी माउस कधी हातात धरला नव्हता. मोबाइलवर बोट फिरवायची सवय. चुकीच्या ठिकाणी क्लिक होऊन येत असलेल्या उत्तराचे गुण जातील, ही धास्ती. कोपाच्या मॅडमनी न सांगता मधल्या सुट्टीत आपली लॅब उघडी ठेवायला सुरुवात केली. स्वतःचा डबा त्या तिथंच खायच्या. हे त्यांच्या शेजारच्या खोलीतल्या माणसालाही माहीत नव्हतं. पानावर आल्यावर आठवड्याभरात बाकीच्या निदेशकांनी आळीपाळीनं लॅबमध्ये बसायचं ठरवलं, म्हणजे मॅडमना निवांत जेवता यावं.

पानाचा एक भाग मला वाचनातून सुचला. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं आणि ते काम गावाच्या खऱ्या गरजेचं असायचं, हा तिथला पाया. आमची संस्था वेगळ्या साच्यातली आहे, ठरलेला अभ्यासक्रम आम्हाला पाळायचाच असतो. तरी मुलं शिकलेलं गावात वापरतात का, हे आपण कधी विचारतच नाही, असं त्याबद्दल वाचताना जाणवलं. तेव्हापासून पानाच्या तळाशी 'गावाच्या कामी आलेलं' अशी जागा असते. ती कधी रिकामी राहात नाही.

आमच्या भागात मोटार जळणं ही रोजची गोष्ट. धनेगावचं मांजरा धरण आमच्याच तालुक्यात, पण पाण्याचा भरवसा आम्हालाही नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्या पट्ट्यातही माणसं बोअर आणखी खाली, आणखी खाली नेत होती. खोल बोअर, लांब केबल, कमी दाबाची वीज आणि तीही रात्रीच्या पाळीत. मोटार तापते, वाइंडिंग जळतं. शेतकऱ्याचा एक दिवस मोटार वर काढण्यात जातो, दोन दिवस दुकानात. इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीनं घरच्या स्टार्टरमधला दोष शोधला. रिले सेटिंग मोटारीच्या करंटपेक्षा फार वर ठेवलेलं होतं, त्यामुळे भार वाढला तरी स्टार्टर ट्रिप होतच नव्हता. तिनं ते खाली आणलं. प्रवेशाच्या वेळी 'पोरीनं खांबावर चढायचं का' असं विचारणारे तिचे वडील दोन शेजाऱ्यांना घेऊन मॅडमकडे आले, त्यांच्या स्टार्टरचंही तसंच काही आहे का विचारायला. हे पानावर लिहिताना मी मुलीबरोबर तिच्या मॅडमचंही काम लिहिलं. ओव्हरलोड रिले हा धडा त्या नुसता फळ्यावर उरकत नाहीत. जळलेल्या मोटारीचं काळं पडलेलं वाइंडिंग प्रत्येक मुलाच्या हातात देतात आणि वास घ्यायला लावतात. तो वास मुलं विसरत नाहीत.

चाकण, रांजणगाव, वाळूजहून मुलांचे फोन येतात, तेही पानावर जातात. ही मुलं शिकाऊ उमेदवारीला जातात, तिथं एका खोलीत पाच-सहा जण राहतात, पाळ्या करतात. बरेचदा निरोप अगदी छोटा असतो. 'सर, इथं व्हर्नियर मलाच वाचता येतो, बाकीचे मला विचारतात.' एवढ्या ओळीवर फिटरचे सर आठवडाभर खुशीत असतात. सगळे निरोप असे नसतात. काम सुटलं, परत आलो, असंही येतं. तेही लिहिते, मात्र मुलाचं नाव घालत नाही. मग कुणी ना कुणी निदेशक आपल्या ओळखीतल्या कारखान्यात शब्द टाकतो.

सतरा सप्टेंबरच्या आधीचं पान मोठं असतं. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये त्या दिवशी मुक्त झालं, म्हणून मराठवाड्यात सकाळी झेंडावंदन. आणि २०२२ पासून आयटीआयचा दीक्षांत समारंभही होतो, त्या वर्षी तो विश्वकर्मा जयंतीला, म्हणजे त्याच तारखेला झाला. ट्रेडमध्ये पहिल्या आलेल्या मुलांची नावं स्टेजवरून पुकारतात. आमच्या पानावर त्या आठवड्यात त्या मुलांना पहिल्या दिवशी हत्यारं कुणी दिली, आजारपणात कुणी दवाखान्यात नेलं, फीची मुदत कुणी आठवणीनं सांगितली, हे येतं. स्टोअर सांभाळणारे काका दर वर्षी त्यात असतात. हॅकसॉ ब्लेड तुटलं की ते नवीन देतात, पण तुटलेले दोन्ही तुकडे परत मागतात, आणि मुलाला ब्लेड कुठं आणि का तुटलं ते दाखवतात. शिकवणं हे त्यांच्या कामाच्या यादीत नाही. ते शिकवतात.

मध्यंतरी एका वरिष्ठ पाहुण्यांनी पान पाहिलं. त्यांना ते फार आवडलं. हे दर आठवड्याला वर पाठवत जा, बाकी संस्थांनाही उपयोग होईल, असं ते आपुलकीनं म्हणाले. मी नम्रपणे नको म्हणाले आणि प्राचार्यांनी माझी बाजू घेतली. बाकी संस्थांनी आपापलं पान जरूर काढावं, मी लागेल ती मदत करेन, हे मी त्यांना सांगितलं आणि आजही सांगते. पण आमचं पान वर गेलं की त्याचा अहवाल होईल. अहवालात कुणी 'मुलगा परतला नाही' असं लिहू देणार नाही. मॅडम लॅबमध्ये डबा खातात हे लिहिलं तर लॅबमध्ये खाण्यास मनाई आहे, असं कुणीतरी दाखवून देईल. फिटरच्या सरांना आपली दोन बोटं साहेबांनी वाचावीत असं वाटत नाही, शेजारच्या शेडमधल्या माणसानं वाचावीत असं वाटतं. पान स्टाफरूमच्या बाहेर जात नाही म्हणून ते खरं राहतं.

वेल्डरचे सर निवृत्त झाले तेव्हा शालीबरोबर त्यांना आम्ही एक फाइल दिली. त्यांच्या वर्कशॉपची दखल ज्या ज्या पानांवर आली, त्यांच्या झेरॉक्स. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. गावात त्यांनी छोटं फॅब्रिकेशनचं शेड टाकलंय, गेट आणि ग्रिलची कामं घेतात. घर सोडून चाकणला जाणं ज्यांना शक्य नव्हतं, अशी त्यांचीच दोन माजी मुलं त्यांच्याकडे कामाला आहेत. "बातमी म्हणून नाही सांगत मॅडम," असं म्हणत त्यांनी सगळं तपशीलवार सांगितलं आणि शेवटी विचारलं की यंदाच्या वेल्डरच्या तुकडीतल्या कुणाला रविवारी येऊन हात बसवायचा असेल तर विचारून बघाल का, उभ्या जोडाचा सराव पोरांना कमी पडतो. मी त्यांना म्हटलं, आधी मी येऊन पाहते, मग पानावर लिहिते. नियम त्यांना माहीत आहे. ते म्हणाले, "या की. पण काळा चष्मा घेऊन या, माझ्याकडचे दोन्ही पोरांच्या डोळ्यावर असतेत."